अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांचा गौरव: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल सरत आला की आम्हाला फोन सुरू होतात. कधी रुग्णालयाच्या कार्यालयातून, कधी एखाद्या मंडळाकडून, कधी बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाच्या मुलाकडून. आमच्या आयसीयूतल्या सिस्टरचा सत्कार करायचा आहे, कसा करावा? आम्ही म्हणजे नागपुरातल्या सरकारी आणि खासगी अतिदक्षता विभागांत काम केलेल्या परिचारिका. काही निवृत्त झालो, काहींच्या अजून नाईट सुरू आहेत. फोनवर तेच ते विचारलं जातं, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

आयसीयूतल्या नर्सिंगचा वेगळा गौरव कशाला? वॉर्डातल्या, प्रसूती विभागातल्या सिस्टर काय कमी राबतात?

मुळीच नाही. कमी-जास्तीचा प्रश्नच नाही. प्रश्न साक्षीदाराचा आहे. आयसीयूत नातेवाईक काचेच्या बाहेर असतात, दिवसातून थोडा वेळ आत येतात. रुग्ण बेशुद्ध किंवा झोपेच्या औषधाखाली असतो. डॉक्टर राउंड घेऊन पुढच्या बेडकडे जातात. चोवीस तास बेडपाशी सिस्टर असते, आणि तिनं काय केलं हे सांगणारं बहुतेकदा कोणीच नसतं.

एक उदाहरण घ्या. रुग्णाचा रक्तदाब टिकवण्यासाठी सिरिंज पंपातून नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू आहे आणि सिरिंज संपत आली आहे. या औषधाचा असर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. म्हणजे जुनी सिरिंज काढून नवी लावेपर्यंतच बीपी कोसळू शकतं. जाणती सिस्टर पहिली संपायच्या आधीच दुसरा पंप भरून ठेवते. नवा पंप सुरू करते, आर्टेरियल लाइनचा, म्हणजे धमनीतल्या नळीतून सतत दिसणाऱ्या रक्तदाबाचा, आकडा किंचित वर सरकला की जुना पंप हळूहळू उतरवत बंद करते. हे करताना तिची नजर मॉनिटरवरून हलत नाही. चार्टवर याची नोंद एका ओळीची होते: नॉरअ‍ॅड सिरिंज बदलली. रुग्णाला काही झालं नाही, म्हणून कोणाला काही कळलंही नाही.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. पावसाळ्यात मण्यार चावलेले रुग्ण येतात. मण्यारीच्या विषानं स्नायू लुळे पडतात. पापणी उचलत नाही, श्वास घेता येत नाही, व्हेंटिलेटर लावावा लागतो. पण माणूस पुष्कळदा आतून जागा असतो, सगळं ऐकत असतो. बाहेरून बघणाऱ्याला तो गेल्यातच जमा वाटतो. अशा रुग्णाच्या कानाशी वाकून, ‘दादा, तुम्हाला डोळे उघडता येत नाहीत, पण ऐकू येतंय हे मला माहीत आहे. विष उतरलं की हात हलेल. आता मी नळीतून कफ काढते, थोडं ठसकल्यासारखं होईल,’ असं प्रत्येक सक्शनच्या आधी सांगणारी सिस्टर आम्ही पाहिली आहे. त्या माणसानं बरं झाल्यावर तिला आवाजावरून ओळखलं. गौरव करायचा तो या कामाचा.

हे क्षेत्र मुळात किती जुनं?

अत्यवस्थ रुग्ण परिचारिकेच्या नजरेसमोर ठेवायची रीत क्रिमियन युद्धापर्यंत, म्हणजे १८५४ च्या सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कामापर्यंत मागे नेतात. आजच्या अर्थाचा आयसीयू मात्र १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीतून आला. तिथे ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं श्वासनलिकेत नळी घालून हातानं फुगा दाबत रुग्ण जगवायला सुरुवात केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनं फुगे दाबत बसले आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. अमेरिकेत क्रिटिकल केअर, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या शुश्रूषेतल्या, नर्सेसची संघटना १९६९ मध्ये उभी राहिली. भारतात क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांची संस्था, इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन, १९९३ ची.

तारखा सांगायचं कारण आहे. नव्वदच्या दशकात ज्या मुली विशी-पंचविशीत आयसीयूत रुजू झाल्या, त्या आता निवृत्तीला आल्या आहेत. राज्य शासनाच्या सेवेत परिचारिकांचं निवृत्तीचं वय ५८ आहे. हाताशी प्रशिक्षण तोकडं आणि यंत्रं मोजकी असताना ज्यांनी हे काम शिकून पुढच्यांना शिकवलं, त्यांच्या कारकिर्दी याच काही वर्षांत संपत आहेत. त्यांच्याबद्दल जे लिहायचं ते आत्ताच लिहायला हवं.

सलग तीस वर्षं नोकरी केली, एवढं पुरेसं नाही का?

तीस वर्षं आयसीयूत टिकणं हे सोपं नाही, त्याचा मान वेगळा आहेच. सेवानिवृत्तीचा सत्कार प्रत्येकीचा व्हावा. पण विशेष कारकीर्द म्हणून एखादीला पुढे आणता, तेव्हा वर्षं मोजून भागत नाही. आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: ती त्या युनिटमध्ये आली तेव्हा कोणती गोष्ट होत नव्हती, जी आज ती ड्युटीवर नसतानाही होते?

उत्तरं छोटी असतात आणि खरी असतात. कुठे हँडओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती देणं) आधी टेबलापाशी बसून व्हायचा, तो आता बेडशी उभं राहून, पंपाचे आकडे आणि लाइन्स डोळ्यांनी बघून होतो. कुठे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर आहे ना, तोंडाची स्वच्छता झाली ना, हे प्रत्येक पाळीत बघितलं जातं, कारण एका सिस्टरनं दोन वर्षं त्याचा पिच्छा पुरवला. कुठे क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी, रोज सकाळी उघडून तपासली जाते आणि सही होते. कुठे रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देण्याचा तक्ता बेडला लटकलेला असतो आणि तो खरोखर भरला जातो. शेवटची गोष्ट वाचायला किरकोळ वाटेल. पण ज्यानं माकडहाडावरची खोल बेडसोअर, म्हणजे पडून राहून झालेली जखम, एकदा ड्रेसिंग करताना पाहिली आहे, त्याला तिची किंमत सांगावी लागत नाही.

नेतृत्वासाठी पुरस्कार असेल तर तो अधिसेविकेला (मेट्रनला) किंवा इन्चार्जलाच द्यायचा ना?

पदावर असलेल्यांनाही द्या, पण पदामुळे नको. सरकारी उतरंड आपल्याला ठाऊक आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. यातल्या पहिल्याच पायरीवर निवृत्त झालेल्या काही बायका आमच्या मते शहरातल्या सर्वांत मोठ्या नेत्या होत्या.

आयसीयूतलं नेतृत्व रात्री तीन वाजता कळतं. साठ किलोच्या रुग्णाची लघवी तासाला तीस मिलीच्या खाली आली आहे. बीपी अजून ठीक दिसतंय. निवासी डॉक्टर दोन रात्री न झोपता नुकताच आडवा झालाय. त्याला उठवायचं का? अनुभवी सिस्टर उठवते आणि असं सांगते: ‘सर, बेड चारची लघवी दोन तासांपासून कमी आहे, हात-पाय गार लागतायत, नाडी एकशेवीस. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.’ यात आरडाओरडा नाही, दोष नाही, आकडे आहेत आणि मागणी स्पष्ट आहे. आणि शेजारी उभी असलेली नवी मुलगी हे ऐकते. पुढच्या वेळी ती स्वतः फोन उचलते. हेच नेतृत्व.

आणखी एक खूण. चूक झाली तेव्हा ती बाई कशी वागली ते तिच्या ज्युनिअरना विचारा. चुकीच्या वेगानं पंप लागला, हे स्वतःहून सांगणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर फाडून खाणाऱ्या इन्चार्जच्या हाताखाली लोक चुका लपवायला शिकतात. अशी इन्चार्ज कितीही शिस्तीची असली तरी आम्ही तिचं नाव नेतृत्वासाठी सुचवणार नाही.

देशात आणि बाहेर असे कोणते सन्मान आहेत?

आपल्याकडचा सर्वांत मोठा सन्मान म्हणजे राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं तो १९७३ मध्ये सुरू केला. राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. प्रमाणपत्र, पदक आणि रोख रक्कम असं त्याचं स्वरूप आहे, आणि ही रक्कम अलीकडे एक लाख रुपये झाली आहे. एएनएम (उपकेंद्रातली आरोग्यसेविका), लेडी हेल्थ व्हिजिटर (त्यांच्या कामावर देखरेख करणारी) आणि नर्स अशा गटांत तो मिळतो. म्हणजे तो केवळ आयसीयूसाठी नाही, गडचिरोलीच्या उपकेंद्रातल्या एएनएमचाही त्यावर तितकाच हक्क आहे. तसं असणंच योग्य आहे.

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचं फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक याहून जुनं. त्याची स्थापना १९१२ ची, पहिलं वितरण १९२० चं, आणि ते दर दोन वर्षांनी दिलं जातं. युद्ध, आपत्ती, साथ अशा प्रसंगांतलं धैर्य आणि सार्वजनिक आरोग्य किंवा परिचर्या शिक्षणातलं मोठं काम त्यात पाहिलं जातं. दोन्ही सन्मानांत नाइटिंगेल हे नाव असल्यामुळे वर्तमानपत्रांतही गल्लत होते. अर्ज करताना तरी करू नका.

क्रिटिकल केअरपुरतं बोलायचं तर अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल केअर नर्सेस या संघटनेची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. तिथे प्रदीर्घ आणि विशेष कारकिर्दीसाठी मार्गुरीट रॉजर्स किन्नी यांच्या नावाचा सन्मान आहे. नव्या वाटा पाडणाऱ्यांसाठी वेगळा, आणि संपूर्ण युनिटच्या कामासाठी ‘बीकन’ नावाचा आणखी वेगळा. एकाच पुरस्कारात सगळं कोंबायचं नाही, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं.

आणि रुग्णालयांना सहज अनुकरण करता येईल असा एक नमुना म्हणजे ‘डेझी’ पुरस्कार. अमेरिकेत १९९९ मध्ये एका तरुणाचा रुग्णालयात मृत्यू झाला. त्याच्या घरच्यांना उपचारांइतकंच तिथल्या नर्सेसचं वागणं लक्षात राहिलं आणि त्यांनी हा सन्मान सुरू केला. यात रुग्ण, नातेवाईक, सहकारी कोणीही चार ओळी लिहून नाव सुचवू शकतो. खर्च फारसा नाही, लागते ती एक पेटी, एक अर्ज आणि ते अर्ज मनापासून वाचणारी माणसं.

नागपुरातल्या सिस्टरचं नाव राष्ट्रीय पुरस्कारासाठी कसं पाठवायचं?

दरवर्षी सूचना निघते, ती वाचूनच पुढे जा. मागच्या वर्षीचा नमुना भरून पाठवू नका. प्रस्ताव संस्थेच्या प्रशासनामार्फत वर जातो, म्हणून पहिली गाठ अधिसेविकेच्या कार्यालयाशी घ्या. मेडिकल, मेयो, डागा आणि मिहानमधलं एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांची प्रशासकीय वाट एकसारखी नाही. एम्स केंद्राच्या अखत्यारीत येतं, बाकीची राज्याच्या.

आमचा खरा सल्ला मात्र याच्या आधीचा आहे. कागद आजपासून गोळा करा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी, नेमणुकांचे आदेश, घेतलेल्या आणि शिकवलेल्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, साथीच्या किंवा आपत्तीच्या काळातले ड्युटीचे आदेश. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीतून शेतकऱ्यांना विषबाधा झाली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात ऑक्सिजनसाठी धावाधाव होती. त्या दिवसांत आयसीयू सांभाळणाऱ्या कित्येकींकडे ‘मी तिथे होते’ असं सांगणारा एक कागदही नाही. हुशार बायकांची नावं अशा कागदांवाचून मागे पडतात, याचं वाईट वाटतं.

मानपत्र किंवा शिफारसपत्र कसं लिहावं?

विशेषणं काढून टाका आणि काय उरतं ते बघा. ‘सेवाभावी, मृदुभाषी, कर्तव्यदक्ष, मातृहृदयी’ हे चार शब्द नागपुरातल्या जवळपास प्रत्येक मानपत्रात असतात. ते कोणाबद्दलही लिहिता येतात, म्हणून ते कोणाबद्दलच नसतात. विशेषतः ‘मातृहृदयी’. सिस्टरच्या कौशल्याला ममता म्हटलं की तिचं शिक्षण, तिचा अभ्यास, तिचे निर्णय सगळे झाकले जातात.

त्याऐवजी असं लिहिता येईल. नमुना म्हणून देतो:

‘ताई, तुम्ही आमच्या मेडिसिन आयसीयूत आलात तेव्हा कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन हा उतारा चालू असताना बाहुल्या, घाम, छातीतला आवाज आणि नाडी यांची नोंद ज्याला जमेल तशी व्हायची. तुम्ही त्याचा एक तक्ता हातानं आखला. पंधरा मिनिटांनी काय बघायचं, कोणता बदल दिसला की डॉक्टरांना सांगायचं, हे त्यात होतं. आज तो तक्ता छापील आहे आणि नव्या मुलींना तो तुम्ही केला हे माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो आहोत. दिवाळीच्या रात्री कोण ड्युटीला येईल, असं विचारल्यावर यादीत पहिलं नाव तुमचं असायचं, हेही.’

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. वाचणाऱ्याला बाई दिसते. मानपत्र लिहिणाऱ्यानं किमान तिघांशी बोलावं: तिच्याबरोबर नाईट केलेली सहकारी, तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी आणि युनिटमधले मामा किंवा मावशी, म्हणजे मदतनीस कर्मचारी. शेवटच्यांना सहसा कोणी विचारत नाही, आणि सर्वांत अचूक तपशील तेच देतात.

आकडेवारी द्यावी का?

असेल आणि खरी असेल तर जरूर. व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया, सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) संसर्ग, बेडसोअर यांच्या नोंदी चांगल्या आयसीयूत ठेवल्या जातात. पण संसर्ग कमी झाले ते एकट्या सिस्टरमुळे, असा दावा करू नका. डॉक्टर, सफाई कर्मचारी, संसर्ग नियंत्रण पथक यांचाही वाटा असतो, आणि कोणाचाही हक्क हिरावून केलेला सत्कार त्या सिस्टरलाच अवघड वाटतो.

रुग्णाचं नाव, फोटो, किस्सा वापरला तर चालेल?

रुग्णाच्या किंवा कुटुंबाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. नाव बदलूनही गाव, आजार आणि तारीख तशीच ठेवली तर आपल्याकडे माणूस लगेच ओळखला जातो. विषप्राशन, जळणं, अवयवदान अशा प्रसंगांत तर फार जपा. आयसीयूच्या आतले मोबाइलवरचे फोटो पडद्यावर दाखवणं पूर्ण टाळा.

निवड कोणी करावी?

समितीत आयसीयूत काम केलेली निवृत्त परिचारिका असलीच पाहिजे. एक भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर), एक नर्सिंग महाविद्यालयातली शिक्षिका आणि रुग्णालयाशी संबंध नसलेली एक व्यक्ती असावी. ज्या विभागातलं नाव आलं आहे, त्या विभागाच्या प्रमुखांनी त्या नावाच्या चर्चेच्या वेळी बाहेर बसावं. एवढं पाळलं तरी ‘यंदा कोणाची पाळी’ ही कुजबुज बरीच कमी होते.

कार्यक्रम १२ मे लाच घ्यावा का?

१२ मे हा नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, १८२० चा, आणि आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन. तारीख योग्यच. पण मे महिन्यातलं नागपूर डोळ्यांसमोर आणा. पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि त्याच दिवसांत आयसीयूत उष्माघाताचे रुग्ण असतात. बर्फाचे पॅक, गार सलाईन, दर काही मिनिटांनी तापमान, अशा धावपळीत असलेल्या मुलींना दुपारी चारला सभागृहात बोलावणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक ड्युटी लादणं.

मोठा समारंभ सभागृहात करायचा असेल तर रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह किंवा सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह संध्याकाळी उन्हं कलल्यावर घ्या. रात्रपाळी करून घरी गेलेल्या मुलीला सकाळी अकराला बोलावू नका, ती नुकती झोपलेली असते. आणि सभागृहातल्या समारंभाआधी युनिटमध्येच, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या हजर असतात त्या दहा मिनिटांत मानपत्र वाचून दाखवा. अनेकींनी आम्हाला सांगितलं आहे की व्यासपीठापेक्षा त्यांना हे वाचन जास्त आठवतं. ज्यांच्या शब्दाला त्यांच्या मनात किंमत आहे, ती माणसं तिथे असतात.

भाषणं कमी ठेवा. पाहुण्यांचं अर्धा तास आणि सत्कारमूर्तींचं दोन मिनिटं, असं आम्ही फार पाहिलं. उलट करा.

शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह, की आणखी काही?

शाल-श्रीफळ हा आपला मान आहे, तो ठेवाच. त्याच्या जोडीला उपयोगी पडेल असं काही द्या. अजून नोकरीत असलेल्या सिस्टरसाठी क्रिटिकल केअरच्या परिषदेची नोंदणी आणि प्रवासखर्च, शिवाय त्या दिवसांची भरपगारी सुट्टी. तरुण मुलगी असेल तर भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमांसाठी मदत: क्रिटिकल केअर नर्सिंगची वर्षभराची पोस्ट बेसिक पदविका आहे, आणि नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. निवृत्त होणारीसाठी, तिच्या नावानं दरवर्षी एका नव्या परिचारिकेला प्रशिक्षण. भिंतीवर लावायच्या काचेच्या ढालींनी बहुतेकींची कपाटं भरलेली आहेत.

कंत्राटी आणि छोट्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांचं काय?

त्यांची नावं सर्वांत कमी येतात आणि त्यांचं काम बहुधा सर्वांत कठीण असतं. धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड या पट्ट्यात लहान-मोठी असंख्य रुग्णालयं आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरपासून छिंदवाडा, बालाघाट, शिवनीपर्यंतचे रुग्ण तिथे येतात. सहा-आठ खाटांच्या आयसीयूत मोठं पथक नसतं. तिथली सिस्टर रुग्णही बघते, औषधांचा साठाही, आणि रात्री अ‍ॅम्ब्युलन्समधून आलेल्या हिंदी बोलणाऱ्या घाबरलेल्या घरच्यांनाही. अर्जात ‘कायम नियुक्ती’ ही अट टाकू नका. नोकऱ्या बदलल्या असतील तर सगळ्या ठिकाणचा अनुभव एकत्र धरा. करार संपला म्हणून कारकीर्द संपत नाही.

ब्रदरनाही पुरस्कार देता येतो का?

अर्थात. आयसीयूत आता पुरुष परिचारकांची संख्या चांगली आहे. मानपत्रातली भाषा तेवढी बदला आणि कार्यक्रमाच्या फलकावर परिचारिका व परिचारक असं दोन्ही लिहा.

एकीला निवडलं की बाकीच्या नाराज होतात. पूर्ण युनिटचा गौरव करता येईल का?

येतो, आणि काही वेळा तोच न्याय्य असतो. महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं. तिथे काम करणाऱ्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर १९७३ मध्ये हल्ला झाला. २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास बेचाळीस वर्षं, तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेची आवर्जून दखल घेतली. एवढी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला बेडसोअर न होऊ देणं म्हणजे काय, हे परिचर्येतल्या माणसाला विचारा. त्यात कोणा एकीचं नाव काढता येणार नाही.

अवयवदानाचं कामही असंच. मेंदूमृत रुग्णाचा रक्तदाब, तापमान, लघवी, क्षार तासन्‌तास सांभाळले नाहीत तर दान होऊच शकत नाही. ग्रीन कॉरिडॉरची, म्हणजे अवयव नेण्यासाठी मोकळ्या केलेल्या रस्त्याची, बातमी छापून येते, पण त्याआधीच्या तीन पाळ्यांची नाही. अशा वेळी त्या पाळ्यांवरच्या सगळ्यांची नावं मानपत्रात लिहा. ‘आणि सहकारी’ असं लिहून संपवू नका.

आम्ही नातेवाईक आहोत. सिस्टरचं नाव लक्षात नाही, फक्त नाईटला असायच्या एवढं आठवतं. आभार कसे मानू?

बेड नंबर, तारखा आणि पाळी लिहून अधिसेविकेच्या नावानं पत्र द्या. ड्युटीच्या रोस्टरवरून नाव निघतं. तिनं केलेली एक गोष्ट तुमच्या शब्दांत लिहा. ‘रात्री आईचे केस विंचरून वेणी घातली होती जी त्यायनं’ एवढंही पुरे, शुद्धलेखनाची काळजी नको. पैसे किंवा दागिना देऊ नका, त्यानं ती अडचणीत येते. पेढे युनिटमध्ये ठेवा, सगळ्या पाळ्यांना मिळतील असे.

सत्कारानं पगार आणि मनुष्यबळाचे प्रश्न सुटतात का?

नाही. आणि त्या प्रश्नांवर पांघरूण घालण्यासाठी सत्कार होत असेल तर तो आम्हाला नको. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एक सिस्टर हे प्रमाण सर्वमान्य आहे, प्रत्यक्षात एकीकडे किती बेड असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ज्या संघटनेचा वर उल्लेख आला, तिनं २००५ मध्ये निकोप कार्यस्थळाची सहा मानकं मांडली. अर्थपूर्ण गौरव हे त्यातलं एक, पण त्याच यादीत पुरेसं मनुष्यबळ, खरं सहकार्य आणि निर्णयांतला सहभागही आहे. ही सहा एकत्रच वाचायची आहेत. ज्या व्यासपीठावर पुरस्कार देता, तिथेच व्यवस्थापनाला रिक्त पदांबद्दल विचारा. सत्कारमूर्ती आनंदानं साथ देतील.

निवृत्त सिस्टरना पुन्हा बोलवायचं तर कशासाठी?

शिकवायला. मानधन देऊन. यंत्राचं प्रशिक्षण कंपनीचा माणूस देतो. पण अलार्म वाजला तर आधी रुग्णाकडे बघायचं आणि मग यंत्राकडे, हे शरीरात भिनायला जुनी सिस्टर शेजारी उभी लागते.

ज्यांचा सत्कार करायचा त्याच नको म्हणतात. काय करावं?

आधी कारण विचारा. काहींना व्यासपीठ नको असतं, काहींना वाटतं की सहकाऱ्यांना वाईट वाटेल, आणि काहींच्या मनात रुग्णालयाबद्दल जुनं दुखणं असतं. पहिल्या दोन कारणांवर मार्ग निघतो: कार्यक्रम लहान करा, बाकीच्यांनाही मानपत्रात आणा. तिसऱ्या कारणाला उत्तर नाही, ते ऐकून घ्या. निर्णय त्यांचाच. समारंभ झाला नाही तरी मानपत्र लिहा, अधिष्ठाता किंवा संचालकांची सही घ्या, एक प्रत त्यांना घरी नेऊन द्या आणि दुसरी आस्थापना शाखेत त्यांच्या फाइलला लावा. जमा करताना आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.